दोन शून्यं: वायूचा दाब, आकारमान आणि तापमान यांचं गणित घरच्या घरी

जानेवारीतली दुपार. कुडाळजवळ हायवेवर पंक्चरच्या टपरीवर गाडी लावली आणि हवा बघायला सांगितली. कंपनीने सांगितलेला दाब ३३ पीएसआय (दर चौरस इंचाला इतके पौंड), काटा दाखवत होता ३८. मी म्हटलं, "पाच जास्त आहे, काढून टाक." तो पोरगा टायरवर हात ठेवून म्हणाला, "गरम आसा काका. आता बघून काय उपयोग नाय. सकाळी येवा."

मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. हट्टाने हवा काढायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, घरच्या काट्यावर मोजलं तर साडेअठ्ठावीस. बाष्कळपणा माझा होता आणि बरोबर तो होता. वर्गात फळ्यावर मी हेच गणित दरवर्षी सोडवून दाखवतो, ही त्यातली खरी चपराक.

तेव्हापासून हा विषय शिकवताना मी सूत्रापासून सुरुवात करत नाही, शून्यापासून करतो. मुलं सूत्रात चुकत नाहीत, सूत्र दोन मिनिटांत पाठ होतं. चुकतात ती शून्य कुठे आहे हे न बघता आकडे भरल्यामुळे. वायूच्या हिशोबात दोन शून्यं असतात, एक तापमानाचं आणि एक दाबाचं, आणि रोजच्या वापरातल्या थर्मामीटरवर किंवा काट्यावर दिसतं ते शून्य यातलं एकही नसतं.

आधी शून्यं सुधारून घ्या

डब्यात कोंडलेली हवा म्हणजे सतत धावणारे, भिंतींवर आपटणारे असंख्य रेणू. या आपटण्याचा एकत्रित मार म्हणजे दाब. रेणू किती जोरात पळतात ते तापमान सांगतं. पळायला जागा किती आहे ते आकारमान. चौथी गोष्ट म्हणजे रेणू किती आहेत. ती सुरुवातीला आपण बदलू देणार नाही.

आता सेल्सिअसचं शून्य म्हणजे पाणी गोठतं तो बिंदू. पाण्याच्या दृष्टीने तो महत्त्वाचा, हवेला त्याचं काही नाही. शून्य अंशाला हवेचे रेणू थांबलेले नसतात, चांगले सुसाट पळत असतात. वायू थंड करत नेला तर दर अंशाला त्याचं आकारमान शून्य अंशावरच्या आकारमानाच्या १/२७३ भागाने घटतं. ही रेघ कागदावर तशीच खाली वाढवत नेली की ती उणे २७३ अंशांच्या आसपास आकारमान शून्य दाखवते. (प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी वायूचा द्रव होतो, ते सोडा.) १८४८ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी तापमान तिथूनच मोजायचं सुचवलं. नेमका आकडा उणे २७३.१५, घरगुती हिशोबाला २७३ पुरे. म्हणून पहिला नियम: सेल्सिअसमध्ये २७३ मिळवा. मालवणची ३० अंशांची दुपार म्हणजे ३०३ केल्विन.

दाबाचं तसंच. हवा पूर्ण गेलेल्या टायरला काटा लावला तर तो शून्य दाखवतो. पण त्या टायरमध्ये पोकळी नसते, बाहेरच्याइतकीच हवा असते. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब साधारण १४.७ पीएसआय, म्हणजे १.०१३ बार, १०१३ हेक्टोपास्कल, किंवा दर चौरस सेंटिमीटरला १.०३ किलो वजन. सगळं एकच, फक्त नाणी वेगळी. काटा हा दाब वजा करूनच आकडा सांगतो. तेव्हा दुसरा नियम: काट्याच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवा, हिशोब करा, आणि उत्तरातून तो परत वजा करा.

हे न करता काय होतं ते बघा. सकाळी २२ अंश, दुपारी टायर ५२ अंश. सेल्सिअस तसंच भरलं तर ३३ गुणिले ५२ भागिले २२, म्हणजे ७८ पीएसआय! इतका दाब रोज दुपारी झाला असता तर हायवेवर टायर फुटल्याचेच आवाज ऐकू आले असते. तापमान सुधारलं पण दाब विसरलात तर उत्तर येतं ३६.४. हे उत्तर जास्त धोक्याचं, कारण ते पटण्यासारखं दिसतं.

मग विचारा: काय कोंडलंय आणि काय मोकळं आहे?

टायरचं आकारमान जवळजवळ ठरलेलं, दाब वाढायला मोकळा. तोंड उघडं असलेल्या बाटलीत दाब बाहेरच्याइतकाच राहतो, हवा मात्र आत-बाहेर करायला मोकळी. बंद तोंडाच्या इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये, घाई न करता दट्ट्या दाबला तर तापमान खोलीइतकंच राहतं. आकारमान आणि दाब एकमेकांशी तडजोड करतात. गणित हातात घेण्याआधी हे एक वाक्य वहीत लिहायचं: कायम काय आहे. ते लिहिलं की कुठलं सूत्र लावायचं हा प्रश्नच उरत नाही.

सिरिंज आणि तांदळाच्या पिशव्या

दाब आणि आकारमानाचं नातं रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये छापलं. त्यांच्याकडे वाकवलेली लांब काचेची नळी आणि पारा होता. आपल्याकडे मेडिकलच्या दुकानात मिळणारी २० मिलीची सिरिंज आहे. सुई नको.

दट्ट्या २० च्या खुणेवर आणा आणि मगच चोच एम-सीलने बंद करा. हा क्रम उलटा झाला तर पुन्हा नवी सिरिंज आणावी लागते. एम-सील पूर्ण वाळू द्या, रात्रभर. आता दट्ट्या ज्यावर दाबला जातो ते क्षेत्रफळ हवं. सिरिंजवर शून्यापासून २० पर्यंतची लांबी फूटपट्टीने मोजा. माझ्या सिरिंजवर ती साडेसहा सेंटिमीटर. २० घन सेंटिमीटरला ६.५ ने भागलं की ३.०८ चौरस सेंटिमीटर. तुमची सिरिंज वेगळी असेल तर तुमचा आकडा घ्या.

सिरिंज उभी धरायला वाळूने भरलेला डबा किंवा लाकडाच्या ठोकळ्यात पाडलेलं भोक चालतं. दट्ट्यावर सपाट फळीचा तुकडा आणि त्यावर एक-एक किलोच्या तांदळाच्या पिशव्या. एकाने फळी सांभाळायची, दुसऱ्याने वाचायचं.

एक किलो ठेवला की दर चौरस सेंटिमीटरला १ भागिले ३.०८, म्हणजे ०.३२ किलो जादा दाब. वातावरणाचा १.०३ धरून एकूण १.३५. सुरुवातीला दाब १.०३ आणि आकारमान २०, गुणाकार २०.६. हा गुणाकार तसाच राहायला हवा, म्हणून नवं आकारमान २०.६ भागिले १.३५, म्हणजे सव्वापंधरा मिली. दोन किलोला सव्वाबारा. तीन किलोला जवळपास दहा, म्हणजे निम्मं.

इथे एक गंमत नीट बघा. पहिल्या किलोने पावणेपाच मिली घटले, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. वजन तेवढंच वाढतंय, पण हवा दर खेपेला कमी दबते आहे. मुलं पहिल्यांदा "एका किलोला पाच, तर चार किलोला वीस, म्हणजे हवा संपली" असा हिशोब मांडतात. मांडू द्या, आणि मग चौथी पिशवी ठेवा.

तुमचा आकडा लगेच जुळणार नाही. दट्ट्याचा रबर काचेला, म्हणजे प्लास्टिकला, चिकटून राहतो. उपाय सोपा आहे: वजन ठेवल्यावर दट्ट्या थोडा आणखी खाली दाबून सोडा आणि वाचा, मग थोडा वर ओढून सोडा आणि वाचा. दोन्हींची सरासरी घ्या. एवढं केलंत तर हिशोबाच्या अर्ध्या मिलीच्या आत याल.

तारकर्लीच्या पाण्यात तोच गुणाकार

समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे एक बार, दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. म्हणून पृष्ठभागावर भरलेला फुगा दहा मीटरवर निम्मा, वीसवर एक तृतीयांश, तीसवर पाव होतो. पुन्हा तेच: पहिल्या दहा मीटरमध्ये सगळ्यात मोठा बदल.

तारकर्लीला किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून पाण्याखाली, गेलात तर होडीतच तुम्हाला सांगतात, "श्वास धरून ठेवू नकात, सोडीत ऱ्हवा." यामागे हाच गुणाकार आहे. नळीतून तुम्ही जी हवा घेता ती त्या खोलीच्या दाबाची असते. दहा मीटरवर छातीत चार लिटर घेतलेत आणि श्वास रोखून वर आलात, तर ती हवा आठ लिटर व्हायला बघेल. फुप्फुसात तेवढी जागा नाही. ते फाटू शकतं, आणि त्यासाठी दहा मीटरही लागत नाहीत. भरल्या छातीने दीड-दोन मीटरवरून वर येणंही धोक्याचं. गावातली पोरं छातीभर श्वास घेऊन बुडी मारतात त्यांना हा धोका का नाही? कारण त्यांनी हवा वर घेतलेली असते. खाली ती दबते, वर येताना मूळच्याइतकीच होते, त्याहून जास्त नाही.

सिलिंडर किती वेळ पुरेल हेही यातूनच निघतं. १२ लिटरचा सिलिंडर २०० बारने भरला की त्यात पृष्ठभागावरच्या मापाने सुमारे २४०० लिटर हवा. माणूस मिनिटाला २० लिटर घेतो असं धरू. पृष्ठभागावर दोन तास. दहा मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट रेणू जातात, म्हणून एक तास. तीसवर अर्धा. प्रत्यक्षात सिलिंडर रिकामा होईपर्यंत कुणी खाली थांबत नाही, शिल्लक ठेवूनच वर येतात. आणि नवखा माणूस घाबरून २० लिटरपेक्षा बरीच जास्त हवा घेतो.

बाटली, बादली आणि एक फसलेला प्रयोग

आता दाब कायम ठेवून तापमान बदलू. या नात्याला जाक शार्ल यांचं नाव आहे, आपल्या पुस्तकांत चार्ल्स. १७८३ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून उडालेले हेच गृहस्थ. त्यांनी आपलं काम छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी आपले प्रयोग छापताना श्रेय त्यांना दिलं.

लागेल ती काचेची सॉसची बाटली, पातेलंभर गरम पाणी, थर्मामीटर, बादली. बाटली आतून कोरडी ठणठणीत हवी. तोंड वर ठेवून ती गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडवा, तरंगू नये म्हणून धरून ठेवा, दहा मिनिटं. पाण्याचं तापमान लिहा. समजा ७० अंश. फडक्याने धरून तोंडात बूच बसवा, बाटली बाहेर काढून मिनिटभर तशीच राहू द्या, म्हणजे काच एकदम थंड पाण्यात जाऊन तडकणार नाही. मग ती उलटी करून बादलीतल्या २८ अंशांच्या पाण्यात तोंड बुडवा आणि पाण्याखालीच बूच काढा. पाणी गुळगुळत वर चढतं. पाच मिनिटांनी बाटली वर-खाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. हे लोक विसरतात, पण पातळी एक झाली तरच आतला दाब बाहेरच्याइतका असतो. बूच लावून काढा आणि आत आलेलं पाणी मापाच्या भांड्यात ओता.

हिशोब: ७० म्हणजे ३४३, २८ म्हणजे ३०१. बाटली ६०० मिलीची. हवेला आता लागणारी जागा ६०० गुणिले ३०१ भागिले ३४३, म्हणजे ५२७. उरलेले ७३ मिली पाणी. माझ्याकडे सत्तरच्या आसपास येतं.

एका वर्षी मुलांनी बाटली स्वच्छ असावी म्हणून प्रयोगाच्या आधी धुऊन आणली. आत चार थेंब राहिले होते. ७३ ऐवजी दोनशेच्या वर मिली पाणी आत आलं. एकाने चार्ल्स चुकला असं जाहीर केलं. मला स्वतःला उत्तर सापडायला संध्याकाळ लागली.

७० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब वातावरणाच्या जवळजवळ एक तृतीयांश असतो. म्हणजे गरम झालेल्या त्या ओल्या बाटलीत तीन रेणूंपैकी जवळपास एक वाफेचा होता, आणि त्याने तितकी हवा आधीच बाहेर ढकलली होती. २८ अंशांना वाफेचा वाटा फक्त चार टक्क्यांच्या आसपास उरतो. बाकीची पाणी होऊन बसते. वाफ हा वायूच, पण थंडी पडली की नोकरी सोडून जाणारा. चार्ल्सचा नियम तेवढेच कामगार कायम धरून चालतो. कोकणातल्या दमट हवेत बाटली नुसती उघडी ठेवून वाळत नाही, हेही लक्षात ठेवा. केसांच्या ड्रायरने वाळवा.

हा फसलेला प्रयोग दर मे महिन्यात घरोघरी मुद्दाम केला जातो. हापूसचा रस उकळून गरमागरम बाटलीत भरतात, धातूचं टोपण घट्ट लावतात. गार झाल्यावर टोपणाचा मधला भाग आत ओढला गेलेला दिसतो. रस ८५ अंशांना भरला, गार होऊन खोलीच्या २८ अंशांवर आला, आणि टोपणाखाली नुसती कोरडी हवा असती, तर आतला दाब १०१३ वरून ८५० च्या आसपास आला असता. पण ८५ अंशांना त्या रिकाम्या जागेत निम्म्याहून जास्त वाफ असते. ती विरली की दाब ४०० हेक्टोपास्कलच्या जवळ येतो. टोपण बाहेरच्या हवेनेच दाबून धरलेलं असतं, म्हणून पहिल्यांदा उघडताना जोर लागतो. उलट, साठवलेल्या बाटलीचं टोपण फुगून वर आलं असेल तर आत नवा वायू तयार झालाय, म्हणजे रस आंबलाय. चाखून बघू नका, टाकून द्या.

जाता जाता, सकाळी उशिरा किनाऱ्यावर सुटणारा खारा वारा हाही याच नात्याचा भाग. जमीन तापते, तिच्यावरची हवा पसरते, हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची तुलनेने थंड, जड हवा तिची जागा घ्यायला येते. रात्री उलटं, मतलई वारा. दहा अंशांच्या फरकाला हवा फक्त तीनेक टक्क्यांनी हलकी होते, पण शीड भरायला तेवढं पुरतं.

टायरचं गणित, आता नीट

कायम काय आहे? आकारमान. म्हणजे दाब भागिले तापमान तेवढंच राहील.

सकाळी ३३ पीएसआय, २२ अंश. मिळवा: ४७.७ आणि २९५. दुपारी टायर ५२ अंश, म्हणजे ३२५. दाब ४७.७ गुणिले ३२५ भागिले २९५, येतात ५२.५. वजा १४.७, काट्यावर ३७.८. कुडाळच्या टपरीवर मी बघितले ते ३८ हेच. मी तिथे हवा काढून काटा ३३ वर आणला, म्हणजे ४७.७, पण आता ३२५ केल्विनला. सकाळी २९५ ला ते झाले ४३.३, वजा १४.७, २८.६. त्या पोराने हे सगळं तळहाताने सांगितलं होतं.

कामाचा ठोकताळा: गाडीच्या टायरला दर दहा अंशांमागे साधारण दीड पीएसआय. हवा सकाळी, गाडी फिरवण्याआधी बघा. वाटेत बघावीच लागली आणि जास्त दिसली तर काढू नका. गरम टायरमध्ये कमी दिसली तर मात्र भरा, कारण थंड झाल्यावर ती आणखी कमी होणार.

स्कूबाचा सिलिंडर भरतानाही हेच. भरताना तो तापतो. ५० अंशांना काटा २०० बार दाखवत असेल तर २८ अंशांवर आल्यावर १८६ च दाखवेल. गळती नाही, कुणी फसवलेलंही नाही. म्हणून सावकाश भरतात.

तिन्ही एकत्र: आंबोलीहून खाली येणारी बाटली

वेंगुर्ल्याहून आंबोलीला जाताना वेफर्सचं पाकीट घाटात फुगतं हे सगळ्यांनी पाहिलंय. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर, तिथे हवेचा दाब साधारण ९३३ हेक्टोपास्कल. खालच्या १०१३ पेक्षा आठ टक्के कमी. (याच कारणाने टायर थंड असला तरी तिथे काटा एक पीएसआय जास्त दाखवतो. टायर तोच, बाहेरचं शून्य खाली सरकलंय.)

उलटा प्रवास जास्त मजेचा. आंबोलीत एक लिटरची पाण्याची बाटली पूर्ण रिकामी करा, झाकण घट्ट लावा आणि वेंगुर्ल्याला या. बाटली चेपलेली मिळते. किती? आंबोलीत २० अंश, किनाऱ्यावर ३० धरू. नुसता दाब बघितला तर १००० गुणिले ९३३ भागिले १०१३, म्हणजे ९२१ मिली. पण हवा तापलीही आहे: ९२१ गुणिले ३०३ भागिले २९३, म्हणजे ९५२. दाबाने ७९ मिली चेपली, उन्हाने ३१ परत फुगवली.

एकत्र लिहायचं तर: दाब गुणिले आकारमान भागिले तापमान, ही संख्या आधी आणि नंतर सारखी. वरची तीनही नाती यातच आहेत. जे कायम असेल ते दोन्हीकडून खोडून टाका. पण मी मुलांना वरच्यासारखं दोन पायऱ्यांतच करायला लावतो. एका दमात सगळं भरलं की उत्तर येतं, कुणी किती ढकललं ते कळत नाही.

एक सावधगिरी. सायकलच्या पंपाने भराभर हवा मारा, पंपाचं बूड तापतं. म्हणजे झटकन दाबलं की तापमान कायम राहत नाही. सिरिंजच्या प्रयोगात "घाई न करता" म्हटलं ते यासाठी. ट्रॉलरच्या डिझेल इंजिनात याचाच फायदा घेतात: हवा सुमारे अठराव्या भागात क्षणात दाबली की हिशोबाने तिचं तापमान सहाशे-सातशे अंशांकडे जातं, थोडी उष्णता भिंतींत गेली तरी डिझेल पेटायला ते भरपूर होतं. तिथे स्पार्क प्लग लागत नाही.

रेणूंची मोजदाद

आतापर्यंत हवा कोंडून ठेवली. तीच कमी-जास्त होत असेल तर रेणूंची संख्या हिशोबात घ्यावी लागते. सारखा दाब आणि सारखं तापमान असेल तर सारख्या जागेत रेणूही सारखेच, मग वायू कुठलाही असो. ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये हे मांडलं. रेणूंच्या एका ठरलेल्या मोठ्या गठ्ठ्याला मोल म्हणतात. एका मोलला शून्य अंशाला २२.४ लिटर लागतात हे पुस्तकात असतं, पण मालवणात शून्य अंश कधी येणार? ३० अंशांना २४.९ लिटर घ्या. तीन बाय चार मीटरची, तीन मीटर उंच खोली ३६,००० लिटरची, २४.९ ने भागा, सुमारे १,४४६ मोल. हवेचा एक मोल २९ ग्रॅम. खोलीत ४२ किलो हवा आहे! वर्गात हा आकडा कुणालाही पटत नाही, दोनदा गुणाकार करावा लागतो.

या सगळ्या नियमांना सर्वात आज्ञाधारक वायू हेलियम. विजयदुर्गावर 'साहेबाचा ओटा' दाखवून हेलियम इथेच सापडला असं सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्याकडून दिसलं हे खरं. पण हेलियमचा शोध लागला तो सूर्याच्या प्रकाशातल्या एका पिवळ्या रेघेवरून. त्या ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन निरीक्षण करत होते गुंटूरला, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांना ती रेघ २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये दिसली. ओटा बघायला जरूर जा, किल्ला तसाही सुंदर आहे.

जिथे हे नियम लावू नयेत

स्वयंपाकाचा गॅस. लोक विचारतात, काट्याने दाब बघून सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय ते कळेल का? नाही. आत प्रोपेन-ब्युटेनचा द्रव असतो आणि वर त्याची वाफ. द्रवाचा शेवटचा पेला शिल्लक असेपर्यंत वाफेचा दाब तापमान ठरवतं, गॅस किती आहे ते नाही. थोडी वाफ शेगडीकडे गेली की द्रव तेवढी नवी सोडतो. अर्धा सिलिंडर आणि भरलेला सिलिंडर, दाब सारखाच.

खानावळीत १९ किलोचा सिलिंडर मोठ्या भट्टीला लावला की खालच्या भागावर दव धरतं, कधी बर्फ. वाफ होताना द्रव स्वतःची उष्णता खर्च करतो, थंड पडतो, दाब उतरतो, ज्योत मंदावते. मग कुणीतरी सिलिंडर उकळत्या पाण्याच्या घमेल्यात ठेवायची शक्कल काढतं. ते करू नका. द्रव तापून पसरतो; त्यासाठीच सिलिंडर भरताना वर जागा रिकामी सोडलेली असते, आणि ती संपली तर पुढचा दाब वायूचा नसून द्रवाचा असतो, तो पोलादालाही ऐकत नाही. दोन सिलिंडर एकत्र जोडून घ्या, प्रत्येकावरचा भार निम्मा होतो.

घरातला किती उरलाय ते बघायचं असेल तर सिलिंडरच्या वरच्या कड्याखाली रिकामं वजन लिहिलेलं असतं. रेग्युलेटर काढून सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि तेवढं वजा करा. भरलेल्यात १४.२ किलो गॅस असतो.